पूर्वाभिमुख इंजिन

गविपुरम, बेंगळूर
दिवाळीनंतरचा शुक्रवार, १९९७

तीर्थस्वरूप सौ. संयोगिता अक्का यांस,

तुमच्या भावजयीचा, पद्मावतीचा, वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द रीत म्हणून लिहिला. प्रत्यक्षात आठवडाभर मला वाकता येत नाही, त्याचं कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा आता कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की जिना चढता येतो पण उतरता येत नाही. मग वर गेल्यावर तुम्ही काय करता, ही काळजी मला लागून राहिली आहे. दाजीसाहेबांचा रक्तदाब उतरला असेल तर हे पत्र त्यांना वाचून दाखवायला हरकत नाही. उतरला नसेल तर मधला भाग गाळावा. इकडे मी बरी आहे. अंगठ्याचं नख काळं पडलंय, डाव्या कानाशी वेल्डिंगच्या ठिणगीने थोडे केस जळालेत आणि कंबर आखडली आहे. बाकी प्रकृती उत्तम.

हे पत्र मी काही मागण्यासाठी लिहीत नाही, हे आधीच सांगते. कृष्णमूर्ती भावजीही तुम्हाला लिहिणार आहेत. ते तुमचे सख्खे धाकटे भाऊ, मी बाहेरून आलेली, तेव्हा पाडव्याला आनेकलमध्ये खरं काय घडलं ते तुम्हाला माझ्याकडून आधी कळावं, एवढाच हेतू.

आनेकलची आपली शेतातली शेड तुम्ही पाहिलेली आहे. त्या शेडमध्ये ह्यांनी शेवटची तीन वर्षं काय केलं तेही तुम्हाला ठाऊक आहे, पण दाजीसाहेबांसाठी पुन्हा लिहिते. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, रमी खेळतात, सुनांच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. ह्यांनी गाडी बांधायला घेतली. लोखंडी पाइपांचा सांगाडा, दोन बैठका, छप्पर नाही, दारं नाहीत, काच नाही. रस्त्यावर चालवायची नाही, कारण रस्त्यावर चालवायला परवानगी लागते. शेतातून, खडकावरून आणि कोरड्या पडलेल्या केरेच्या तळातून चालवायची. (तुम्ही संडूरला राहून केरे विसरला नसाल. तेच तळं, शेताच्या खालच्या अंगाचं.) कुठे जायचं आहे, असं मी विचारलं तर म्हणाले, जायचं कुठेच नाही, रस्ता नसताना जाता आलं पाहिजे. घरात सगळे त्या सांगाड्याला पिंजरा म्हणत. मीही म्हणत असे. इंजिनासाठी त्यांनी लॉरीने मागून चेपलेली एक मारुती आणली. मागून चेपलेली मुद्दाम, कारण तिचं सगळं मोलाचं सामान पुढे असतं. ते सामान उतरवून लाकडी घोडीवर ठेवलं, त्यावर ताडपत्री घातली, आणि दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात तुमचा भाऊ गेला. ताडपत्री मी काढली नाही.

आता इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला येणाऱ्यांना घरं हवी आहेत, म्हणून आनेकलची जमीन द्यायचं ठरलं. तुम्हीही सही केलीत, मीही केली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दिवाळीनंतर ताबा द्यायचा. तेव्हा भावजी म्हणाले, वहिनी, तो पिंजरा भंगारवाल्याला सांगू या का. मी नको म्हणाले. ते म्हणाले, चार चाकं लावली म्हणून ती गाडी होत नाही, आपली शिवणाच्या मशीनची घोडीही चाकांवर आहे. मी म्हणाले, ती चालेल. ते म्हणाले, पाडव्याच्या दिवशी आपल्या बळावर शेडच्या बाहेर आली तर ठेवा, नाही आली तर भंगार. मी म्हणाले, सरी, ठरलं. माझी जाऊ राजलक्ष्मी तिथेच वाटाणे सोलत बसली होती, तीच साक्षीदार.

सरी म्हणून मी घरी आले आणि मग घाबरले, कारण मला गाडीतलं काहीच कळत नव्हतं. तुम्हाला माहीत आहे, माझी शाळा सातवीत सुटली. पण वाचायची सवय मी पुढे स्वतःच लावून घेतली. कानडी, मराठी, मग कोश मांडीवर घेऊन इंग्रजी. मारुतीच्या दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक ह्यांच्या कपाटात होतं, ते मी पोथीसारखं रोज थोडं वाचत गेले. अक्का, त्यातलं बरंचसं संसारी बाईला समजण्यासारखं आहे. ही गाडी पुढच्या चाकांनी चालते. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल हे तिन्ही एकाच गाठोड्यात असतात आणि गाठोड्याच्या दोन्ही अंगांनी दोन दांडे निघून चाकांना जातात. हे गाठोडं चाकांसकट उचलून सांगाड्याच्या मागच्या बाजूला ठेवलं की पुढून ओढणारी गाडी मागून ढकलणारी होते. सगळं वजन ढकलणाऱ्या चाकांवरच येतं, त्यामुळे वाळूत आणि चिखलात ती जागच्या जागी फिरत बसत नाहीत. ह्यांचा बेत हा होता. डिफरन्शियल म्हणजे काय, ते राजलक्ष्मीला मी असं सांगितलं की लग्नात होमाभोवती फेरे घालताना आतून चालणाऱ्याला कमी चालावं लागतं आणि बाहेरून चालणाऱ्याला जास्त. शेल्याची गाठ तर बांधलेली. तरी कोणी कोणाला ओढू नये आणि दोघांनी बरोबर पोचावं, याची सोय म्हणजे डिफरन्शियल. ती म्हणाली, तुमच्या भावजींनी मला सातही फेरे ओढलं होतं. म्हणजे काही जोड्यांमध्ये हा भाग बसवलेलाच नसतो.

हातकामाला कृष्णात मिळाला. मूळचा कोल्हापूरकडचा, आनेकलमध्ये गेट आणि खिडक्यांचे गज करून देतो. वेल्डिंग असं करतो की प्रलय आला तरी सांधा सुटणार नाही. (हे वाक्य मी कौतुकाने लिहिते आहे. पुढे ते तसं राहणार नाही.) पहिलाच दिवस माझ्या बाजूने गेला. मूळ गाडीत ही चाकं पुढची, म्हणजे वळणारी. ती मागे नेली तरी वळायची त्यांची खोड जात नाही. सांगाड्यावर टेकवली तेव्हा एक चाक आनेकलकडे बघत होतं आणि दुसरं तमिळनाडूकडे, लग्नघरातल्या रुसलेल्या जावांसारखी. कृष्णात म्हणाला, "चालू झाली की आपसूक सरळ हुतील, काकी." मी पुस्तक उघडून दाखवलं की चाकं वळवणारे दोन्ही आडवे दांडे सांगाड्यालाच पक्के बांधून टाकायचे, म्हणजे मागची चाकं जन्मभर सरळ बघतील. त्याने बांधले. तेव्हापासून तो मला मान द्यायला लागला आणि मीही स्वतःला द्यायला लागले. तिथेच घात झाला.

मध्ये खंडेनवमी आली. तुमच्या माहेरची रीत मी तुम्हाला काय सांगावी, पण वाद तिच्यावरूनच आहे म्हणून लिहिते. आपल्याकडे त्या दिवशी शस्त्रं पूर्वेकडे तोंड करून मांडतात. तलवारी केव्हाच गेल्या (कोणी विकल्या त्यावर आपल्या घरात बोलत नाहीत), मांडणी मात्र राहिली. मामंजींच्या वेळी कात्री आणि शिवणाचं मशीन, ह्यांच्या वेळी पाने, कानशी आणि भावजींची स्कूटर. मिक्सरला तोंड कुठे असतं यावरून राजलक्ष्मी आणि मी एक आख्खी नवमी वाद घातला आहे. तर यंदा मी ठरवलं की इंजिनाची पूजा घोडीवर करायची नाही. ते आपल्या जागी बसावं, मग हळदकुंकू. आदल्या दिवशी कृष्णातने ते चेन पुलीने उचललं आणि विचारलं, "काकी, त्वांड कुणीकडं?" मी म्हणाले, पूर्वेकडे, ते काय विचारायचं.

आता शेड डोळ्यांसमोर आणा. दार पूर्वेला. पिंजरा आत ढकलून ठेवलेला, म्हणजे त्याचं नाक पश्चिमेच्या भिंतीकडे आणि शेपूट दाराकडे. इंजिन बसायचं शेपटीत. मी त्याचं तोंड पूर्वेला केलं, म्हणजे दाराकडे. फार छान दिसलं. दारातून येणाऱ्याला आधी इंजिनाचं दर्शन व्हायचं, झेंडूची माळ, लिंबू, सगळं समोर. गाडीचं तोंड एकीकडे आणि इंजिनाचं बरोबर उलट दुसरीकडे झालं, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. नवमीला हत्यार हातात घ्यायचं नाही. दसऱ्याला मुहूर्ताने कामाला सुरुवात करायची आणि पूजेतलं दैवत हलवायचं नाही, म्हणून कृष्णातने जसं होतं तसंच ते सांगाड्याला वेल्ड केलं, सोनं वाटलं आणि कोल्हापूरची बस पकडली. परत आल्यावर एकदा म्हणाला, "गिअरचा दांडा लईच वळसा घालून आणावा लागतोय, काकी, असं असतंय व्हय?" मी म्हणाले, वळसा पडला तर पडू दे, देवदर्शनालाही पडतो. पुस्तकात गिअरच्या दांड्याचं प्रकरण अजून आलं नव्हतं.

पाडव्याला सकाळी मी, भावजी, राजलक्ष्मी आणि कृष्णात, एवढी मंडळी. बैठक ह्यांच्या लांब पायांच्या मापाची, म्हणून माझ्या पाठीशी लाकडी पाट लावला, तेव्हा कुठे पाय पेडलला पोचले. थंडी होती म्हणून चोक ओढला. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. अक्का, दोन वर्षं ताडपत्रीखाली होतं ते. भावजींनी हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं तरी ठेवला.

बाहेर यायचं म्हणजे मागे यायचं, कारण शेपूट दाराकडे. मी रिव्हर्स टाकला, क्लच सोडला आणि गाडी शांतपणे पुढे जाऊन पश्चिमेच्या भिंतीशी रचलेल्या कडब्यात नाकापर्यंत शिरली. भावजी म्हणाले, "वहिनी, दारातून यायचं ठरलंय. भिंतीतून आलात तर धरणार नाही." माझ्या तोंडात कडबा होता. मला वाटलं गिअर चुकला, म्हणून चाचपत दुसरीकडे लावला. तो पहिला गिअर होता. गाडी मागे निघाली.

निघाली म्हणजे दारातून सरळ बाहेर, अंगण ओलांडून, शेताच्या उताराला. पहिल्याच हिसक्याला पाट निसटून खाली पडला, मी बैठकीत मागे घसरले आणि पाय हवेत राहिले, म्हणजे क्लच नाही, ब्रेक नाही. चोक ओढलेलाच, त्यामुळे ॲक्सिलरेटरला पाय न लावताही इंजिन आपणच पळत होतं, धावत्या माणसाच्या वेगाने. धावता माणूसही होता. भावजी. आता गाडी उलटी चाललेली, तेव्हा मी तिच्या पाठीमागे धावणाऱ्याच्या बरोबर समोरासमोर. आजवर आमचं इतकं निवांत, एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोलणं झालं नव्हतं.

"थांबवा, वहिनी."

"पाय पोचत नाहीत, भावजी."

"मग बसलात कशाला?"

"तुम्ही बसत नव्हता म्हणून."

"मागे बघा, केरे आहे."

"कोरडी आहे."

"अय्यो, बांध आहे हो पलीकडे."

मागे बघायला मला मान वळवता येत नव्हती, स्टिअरिंग धरून ठेवण्यातच सगळा जीव होता. मला दिसत होतं ते फक्त आम्ही सोडून आलो ते. शेड, दारावरचं तोरण, उभी असलेली राजलक्ष्मी, कडब्याचा माझ्या आकाराचा खड्डा. सगळं समोर राहून लहान लहान होत होतं. दोन वर्षं मी अशीच चालले आहे, त्यामुळे फार अवघड गेलं नाही.

केरेचा तळ लागला. वरून भेगाळलेला आणि खाली अजून ओला. तिथे रुतेल आणि थांबेल असं भावजींना वाटलं, म्हणून ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. ती रुतली नाही. मग बांध लागला. तिथे तरी दमून बंद पडेल, असं मलाही वाटलं. अक्का, ती चढली. दगड, गवत, मध्ये एक घळ, कशालाही न जुमानता, पाठमोरी, एका लयीत चढली. माझं नाक आभाळाऐवजी तळ्याकडे होतं आणि मी स्टिअरिंगला लोंबकळत होते (कंबर तिथलीच). आता एक सांगते ते भावजींना कळवू नका. इंजिन बंद करायची किल्ली माझ्या हाताशीच होती. शेडच्या दारातच मी ती फिरवू शकले असते. फिरवली नाही. ह्यांनी जे वजन जिथे पडावं म्हणून इतका विचार केला होता, ते तिथे पडलेलं मला बुडाखाली कळत होतं. बांधाच्या माथ्यावर पोचल्यावर मी किल्ली फिरवली.

भावजी धापा टाकत वर आले. मला वाटलं, आधी लागलं का म्हणून विचारतील. त्यांनी आधी चाकाला हात लावून पाहिला, मग मला विचारलं. मी म्हणाले, आली बाहेर. ते म्हणाले, "ही बाहेर आली नाही, वहिनी, पळून गेली. तेही पाठ दाखवून." मी म्हणाले, बाहेर यायचं ठरलं होतं, तोंड कुठे करून ते कोणी बोललं नव्हतं. मागून कृष्णात आला, त्याने गाडीकडे पाहिलं, शेडकडे पाहिलं, आणि डोक्याला हात लावून म्हणाला, "काकी, इंजान आपुन उलटं बशिवलं." तेव्हा आम्हा सगळ्यांना उमगलं. गाठोडं उलटं ठेवलं की चाकंही उलटी फिरतात. म्हणजे आपल्या गाडीला मागे जायचे चार गिअर आहेत आणि पुढे जायचा एक. कृष्णातचं म्हणणं, वेल्डिंग तोडण्यापेक्षा बैठकच फिरवू या, स्टिअरिंग पलीकडे नेऊ, म्हणजे मागचं ते पुढचं होईल. भावजी म्हणाले, मग माझ्या दादाने मागे इंजिन असलेली गाडी बांधली होती, ती पुढे इंजिन असलेली होईल, आणि वळणारी चाकं जातील मागे. असली गाडी त्याने बांधली नव्हती. हे ते इतक्या रागाने बोलले की मी त्यांच्याकडे बघत राहिले. दोन महिन्यांपूर्वी हेच तिला भंगार म्हणत होते.

वाद काही मिटला नाही. राजलक्ष्मीला साक्षीला बोलावलं तर ती म्हणाली, मी वाटाणे सोलत होते, शब्द न् शब्द लक्षात नाही. शेवटी भावजी म्हणाले, अक्का सांगतील ते. मीही म्हणाले, अक्का सांगतील ते. तेव्हा तुम्ही थोरल्या आहात, दोघांनाही सारख्याच आहात, तुमच्या मनाला पटेल तो कौल द्यावा. मी तुमच्यावर कसलाही दाब आणत नाही. भंगार म्हणालात तर भंगार. मी एक शब्द बोलणार नाही.

गुडघ्याला एरंडेल कोमट करून लावावं. लहानांना आशीर्वाद.

आपली,
पद्मावती

ता. क. भावजींच्या पत्रात असं येईल की गाडीने अंगणातली राजलक्ष्मीची फुलांची कुंडी फोडली. कुंडीला आधीपासून चीर होती. ती चीर गाडीने स्वल्प पुढे नेली, इतकंच.

दुसरा ता. क. कौल माझ्या बाजूने पडला तर एक अडचण आहे, ती वर लिहायची राहिली. आनेकलचा ताबा तर गेला. गविपुरमच्या आमच्या गल्लीत सायकल आडवी लावली तरी दूधवाला भांडतो. तुमच्या संडूरच्या घरामागे मोठं अंगण आहे, त्यापुढे तांबड्या मातीचा माळ आणि मग डोंगर, रस्ता म्हणून कुठेही नाही. ह्यांना नेमकं असंच लागत असे. गाडी तिथे ठेवावी आणि वेल्डिंग तोडून इंजिन सुलटं करून घ्यावं, असं मनात आलं. हे मागणं नव्हे. मनात आलं ते लिहिलं.

तिसरा ता. क. पत्र पाकिटात घालणार होते तोवर भावजी आले. संडूरहून खनिज घेऊन आलेली एक लॉरी रिकामी परत जाते आहे, ती त्यांनीच ठरवली. फळ्या लावून गाडी लॉरीवर चढवायची तर कृष्णातचा धीर होईना, म्हणून भावजी स्वतः बसले आणि पहिल्या गिअरमध्ये तिला पाठमोरी एका दमात वर नेली. मग बराच वेळ उतरलेच नाहीत. मी म्हटलं, उतरा भावजी, लॉरी निघायची आहे. तर म्हणाले, जरा दोऱ्या बघतो. दोऱ्या खाली होत्या. त्यांच्या पत्रात यातलं काही नसेल, आणि तुम्हीही विचारू नका. कौलासाठी ते अजून तुमच्याशी भांडायला तयार आहेत, त्यांना भांडू द्या.

आणि हे पत्र टपालात न टाकता मी लॉरीबरोबर निघालेल्या कृष्णातच्याच हाती देते आहे. म्हणजे तुम्ही इथवर वाचलं असेल तेव्हा लॉरी तुमच्या दारात उभी असणार. तुमच्या उत्तरासाठी थांबले असते तर तुम्हाला संकोच पडला असता. चाकांखाली दगड लावून घ्या. दाजीसाहेबांना एकट्याने बसू देऊ नका. मी सोमवारच्या बसने निघते. इंजिन फिरवायचं काम आठ दिवसांचं आहे असं कृष्णात म्हणतो. मी त्याला सांगितलं आहे, सावकाश कर.